दारातला हक्कांचा फलक खरा किती? दिवाळीपासूनचा आमच्या दवाखान्याचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून आम्ही सासूबाईंना इथे ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या एका लहान दवाखान्यात दाखवतो आहोत. त्यांना साखर आहे, बीपी आहे, गुडघे दुखतात. म्हणजे महिन्याची फेरी ठरलेली, मधे सर्दीताप झाला तर आणखी एक. तिथल्या डॉक्टर मॅडमना जाहिरात नको आहे, म्हणून नाव लिहीत नाही. दवाखान्याच्या दारातच हिंदीत एक मोठा फलक आहे. एका बाजूला रुग्णाचे हक्क, दुसऱ्या बाजूला रुग्णाच्या जबाबदाऱ्या. तिथला कारभार त्या फलकाप्रमाणे चालतो का, हे इतके महिने पाहून लिहिते आहे. बराचसा चालतो. एका बाबतीत चालत नाही, आणि ती बाब लहान नाही.

आधी ज्यांच्याकडे जायचो तिथे औषधं कागदाच्या पुड्यांतून मिळायची. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री, अर्धी पिवळी झोपताना. नाव विचारलं तर "तुम्हाला काय करायचंय?" एका रात्री सासूबाईंना दरदरून घाम सुटला, बोलणं असंबद्ध झालं, म्हणून जयारोग्य या सरकारी रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी साखर तपासली, ती फार खाली गेली होती. ग्लुकोज चढवता चढवता त्यांनी विचारलं, गोळी कुठली चालू आहे? आम्ही पुडी उघडून पुढे केली. त्यांनी गोळी उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. साखरेच्या काही गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, मग रुग्णाला नजरेखाली ठेवावं लागतं. आमची गोळी त्यातली होती की नव्हती, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या जुन्या डॉक्टरांकडे कागद मागायला गेलो तर "आमच्याकडे फाईल नसते" असं उत्तर मिळालं.

म्हणून नव्या दवाखान्यात मी सगळ्यात आधी पर्ची पाहिली. वर मॅडमचा नोंदणी क्रमांक, खाली औषधाचं मूळ नाव सुट्या, मोठ्या अक्षरांत, शेजारी कधी आणि किती. हे काही उपकार नव्हेत. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांतच पर्चीवर नोंदणी क्रमांक हवा असं आहे, फी फलकावर लावावी असं आहे, आणि औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं अशी दुरुस्ती २०१६ मध्ये झाली. पण नियम असणं वेगळं आणि हातात तशी पर्ची पडणं वेगळं. औषधं कुठून घ्यायची याचीही सक्ती नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली, तिच्या १७ हक्कांत औषध आणि तपासणी कुठे करायची ते निवडण्याचा हक्क आहे. मी जनऔषधी केंद्राचं विचारलं तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "खुशाल घ्या, फक्त सॉल्ट, म्हणजे औषधातला मूळ घटक, आणि मिलिग्रॅम पर्चीशी ताडून बघा." आता महिन्याच्या औषधांचा खर्च बराच उतरला आहे.

फलकाच्या दुसऱ्या बाजूकडे मात्र कुणी बघत नाही, आणि आमच्या घरात खरा फरक त्या बाजूनेच पडला. "चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत", अशी एक ओळ तिथे आहे. मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, घरात जे जे पोटात जातं ते सगळं पिशवीत घालून आणा. काढा, चूर्ण, सगळं. पुढच्या खेपेला पिशवी टेबलावर रिकामी केली, तर हिंगाष्टकाच्या डबीखालून दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. सासूबाई गुडघ्यांसाठी त्या परस्पर मागवून घेत होत्या. "अम्माजी, यह कब से?" मॅडमनी विचारलं. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मॅडमनी आवाज चढवला नाही. या गोळ्यांनी बीपी वाढतं, साखर असलेल्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. मूत्रपिंडांचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन का तपासायचं, साधारण किती रुपये लागतील, तेही सांगितलं. त्या दिवशी बीपीची गोळी वाढणार होती, ती वाढवली नाही. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या महिन्यात बीपी आपोआप खाली आलं. माहिती मिळवण्याचा हक्क आणि माहिती देण्याची जबाबदारी एकाच टेबलावर कशी येते, ते मी तिथे पाहिलं.

बाकी जबाबदाऱ्या लोक सरळ तुडवतात. एका पेशंटबरोबर पाच जण आत घुसतात. साध्या तापाला "बॉटल चढा दो" म्हणून हट्ट धरतात, आणि मॅडम नाही म्हणाल्या की बाहेर येऊन त्यांनाच नावं ठेवतात. मला याचा फार राग येतो. गरज नसताना सुई न टोचणाऱ्या डॉक्टरला आपण टिकू द्यायला हवं.

व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवता येतात, उत्तर संध्याकाळी येतं. पण सासूबाईंच्या पायाला सूज आली तेव्हा फोटो पाहून मॅडमनी लगेच कळवलं, इथे औषध सांगणार नाही, घेऊन या. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत हा निर्णय डॉक्टरांवरच सोपवला आहे, आणि तो त्यांनी योग्य घेतला असं मला वाटतं.

तक्रारीची सोय आहे: काउंटरवर वही, आणि फलकावर सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या, कार्यालयाचं नाव व १८१ ही सीएम हेल्पलाइन. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे, ते फलकावर नाही. असायला हवं.

आता ती बाब. फलकावर "गोपनीयता" शब्द ठसठशीत लिहिलेला आहे आणि पुढचे तीन पेशंट मॅडमच्या खोलीतच बाकावर बसलेले असतात. वेळ वाचतो म्हणून. कंपाउंडर वजन आणि साखर मोठ्याने ओरडून सांगतो. एकदा आमच्या आधीच्या बाई अंगावरून पांढरं जातंय हे सांगायला पुढे वाकल्या, बाकावरच्या माणसाने मान वळवली, आणि त्या "काही नाही, कंबर दुखते" म्हणून थांबल्या. मॅडमच्या लक्षात आलं, त्यांनी बाक रिकामा करायला लावला, पण तोवर बाई उठल्या होत्या. त्या परत आल्या का, माहीत नाही. मी वहीत हा प्रसंग नाव न घेता लिहिला. मॅडमनी खाली सही करून "पडदा लावू" असं लिहिलं, आणि आठवड्याभरात पडदा लागलाही. पडद्यातून दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. बाक बाहेरच्या ओसरीत सहज मावतो, मोजून पाहिलं आहे. तेही वहीत लिहून आले आहे, कंपाउंडरच्या ओरडण्यासकट. तोवर पाचापैकी चार तारे. बायकांच्या तक्रारीसाठी जाणार असाल तर काउंटरवर आधीच "एकटीने बोलायचं आहे" असं सांगा, सांगितल्यावर मॅडम खोली रिकामी करून देतात.