तपकीर गल्लीतून करून घेतलेला व्हॉल्व रेडिओचा ट्रान्सफॉर्मर : साडेचार स्टार

घरी व्हॉल्वचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ बांधतोय, व्हॉल्व ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८६ आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ईझेड ८०. त्याचा मेन्स ट्रान्सफॉर्मर (घरच्या विजेतून व्हॉल्वला लागणारे व्होल्टेज काढणारा) पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका वाइंडिंगवाल्या काकांकडून करून घेतला, त्याबद्दल लिहितोय. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, बोर्ड नाही, विचारत विचारत जावं लागतं.

ऑर्डर अशी होती: सेकंडरी (बाहेर व्होल्टेज देणारं वाइंडिंग) २५०-०-२५० व्होल्ट ६० मिलीअँप, फिलॅमेंटला (व्हॉल्व तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट ३ अँप, प्रायमरीला (मेन्स जोडायच्या वाइंडिंगला) २२०-२३०-२४० असे टॅप, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी काढलेल्या वायरी. टॅप कशाला म्हणाल, तर आमच्याकडे रात्री २४५ सहज येतो आणि नुसत्या २२० च्या प्रायमरीवर ६.३ चे ७ व्होल्ट होतात, मग व्हॉल्व किती दिवस टिकणार. काका एकदाही "एवढं कशाला पाहिजे" म्हणाले नाहीत, हेच मला आधी आवडलं.

पैसे वसूल झाले ते आतल्या कामात. प्रायमरी गुंडाळून झाल्यावर इन्सुलेशन पेपरचे थर, त्यावर तांब्याच्या पातळ पट्टीचा एकच फेरा, आणि पट्टीची टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे मध्ये परत पेपर, कारण टोकं चिकटली की तो शॉर्टेड टर्न (स्वतःशीच जोडला गेलेला बंद फेरा) झाला आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळणार. पट्टीला हिरवी वायर सोल्डर करून बाहेर काढली, ती अर्थिंगला. मेन्समधली खरखर तर कमी होतेच, पण उद्या प्रायमरीचं इन्सुलेशन गेलं तर फेज सेकंडरीत शिरायच्या आधी अर्थला जातो. जुन्या एसी-डीसी सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसायचा, चासी (रेडिओचा पत्र्याचा सांगाडा) थेट मेन्सच्या एका वायरला, टू-पिन उलटी लावली की सगळा पत्रा फेजवर! आता नवीन बांधताना कोणी तसलं सर्किट उचलू नका प्लीज.

अर्धा स्टार कापला तो वायरींसाठी. सेकंडरीच्या सगळ्या एकाच लाल रंगाच्या, आणि कागदावर बॉलपेनने लिहिलेले व्होल्टेज वॉर्निशमध्ये पुसले गेलेत, मग बसा मीटर घेऊन ओहम मोजत. ऑर्डर देतानाच रंग लिहून द्या.

थ्री-पिन कॉर्ड मात्र त्याच गल्लीत दुसऱ्या एका दुकानातून घेतली ती भंगार निघाली, पिन तीन पण आत वायरी दोनच, अर्थची पिन नुसती शोभेला. मीटरने कंटिन्युइटी (वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलेली आहे का) बघितल्याशिवाय कुठलीच कॉर्ड वापरू नका, आयएसआय मार्कची घेतली तरी बघा.

बाकी वायरिंग साधंच आहे. कॉर्ड आत येते तिथे रबरी ग्रोमेट आणि ओढली तरी निघणार नाही अशी क्लॅम्प, फेजवर आधी ५०० मिलीअँप स्लो-ब्लो (चालू करतानाच्या क्षणिक झटक्याला न उडणारा) फ्यूज मग डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच, आणि अर्थला चासीवर वेगळा बोल्ट, रंग खरवडून, स्टार वॉशर घालून. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर अर्थ देतात लोक, पण तो बोल्ट कधी ना कधी ढिला होतोच. घरात आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो मेन्सकडची गळती बघून ३० मिलीअँपला पडतो, सेकंडरीनंतरच्या ३५० व्होल्ट डीसीचा झटका तुम्हाला बसला तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून फिल्टर कंडेन्सरवर २२० के (किलोओहम), २ वॉटचा ब्लीडर (बंद केल्यावर कंडेन्सरमध्ये साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) लावाच, आणि तरी हात घालायच्या आधी मीटर लावून बघा.

पहिल्यांदा सिरीज बल्बवर (मेन्सच्या वाटेत बल्ब जोडून, कुठे शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटून राहतो) चालू केला, बल्ब एकदा चमकून मंद झाला, थोड्या वेळाने ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं पुणे केंद्र खणखणीत, हम (मेन्सची घूं घूं) जवळपास नाहीच. तासाभराने ट्रान्सफॉर्मरला हात लावला तर कोमट. मला तेराशे पडले, तयार मिळतो त्यापेक्षा महाग आहे, आणि काका चार दिवस म्हणतात तेव्हा आठ-दहा धरून चाला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरही त्यांच्याकडेच टाकलाय.