१६एस की शॉटगन? नमुने पाठवण्याआधी

सूक्ष्मजीवांचा समुदाय अभ्यासायचा म्हटलं की प्रश्न ठरलेला: १६एस करायचं की शॉटगन? १६एसमध्ये जिवाणू ओळखायला त्यांचं एकच जनुक वाचतात, शॉटगनमध्ये नमुन्यातला सगळाच डीएनए तुकड्यातुकड्यांनी. मातीसाठी आणि त्वचेसाठी मी दोन्ही वापरलंय. एकच निवडायचं झालं तर माझा कल शॉटगनकडे आहे, आणि त्याला कारण स्टॅफिलोकोकस हा जिवाणूंचा गट.

त्यातला एपिडर्मिडिस जवळपास प्रत्येकाच्या त्वचेवर असतो आणि सहसा त्रास देत नाही. त्याच गटातला ऑरियस दिसला की मात्र सावध व्हावं लागतं. एक्झिमा भडकतो तेव्हा बऱ्याचदा त्याचंच प्रमाण वाढलेलं असतं. १६एस जनुकात व्ही१, व्ही२ असे बदलते भाग असतात; त्यातला फक्त व्ही४ वाचला, तर या दोघांचे क्रम इतके सारखे निघतात की निकालात नुसतं ‘स्टॅफिलोकोकस’ येतं. आलेखात भला उंच पट्टा दिसतो, पण तो राखणदाराचा की घुसखोराचा, ते कळायला मार्ग नाही. माझा मूळ प्रश्न दर वेळी नेमका त्या पट्ट्यातच अडकायचा. व्ही१ ते व्ही३ वाचलं तर बराच फरक पडतो, क्युटिबॅक्टेरियम हा त्वचेवरचा जिवाणूही नीट सापडतो. पण मग व्ही४वर उभ्या असलेल्या ‘अर्थ मायक्रोबायोम प्रकल्पा’सारख्या जगभरच्या नमुन्यांच्या साठ्याशी आपले आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.

शॉटगनमध्ये प्रजाती कळते, रीड, म्हणजे वाचलेले डीएनएचे तुकडे, पुरेसे असतील तर स्ट्रेन, म्हणजे प्रजातीतला उपप्रकारसुद्धा. मॅलेसेझिया ही बुरशीही त्यातच दिसते. १६एसचे नेहमीचे प्रायमर, म्हणजे ते जनुक पकडून त्याच्या प्रती वाढवणारे छोटे तुकडे, जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच पण वेगळे एकपेशीय जीव) यांच्यापुरतेच.

शॉटगनचाही जाच आहेच. त्वचेच्या स्वॅबमधले बहुतेक रीड माणसाचेच निघतात. ते गाळून उरलेल्यावर भागवायचं, म्हणजे सिक्वेन्सिंग वाढवा, खर्च वाढवा. विष्ठेच्या नमुन्यात ही अडचण फारशी येत नाही.

मातीत माझं मत थोडं सैल होतं. तिथली विविधता अफाट, त्यामुळे शॉटगनचे कितीतरी रीड डेटाबेसमध्ये कशाशीच जुळत नाहीत. शेकडो नमुन्यांत ढोबळ बदल पाहायचा असेल तर १६एस पुरेसं वाटतं. फक्त मुळांच्या नमुन्यात हरितलवकाचं १६एसही वाढतं, तेवढं रोखणारे क्लॅम्प वापरा. पण नायट्रोजन स्थिर करण्याची क्षमता कुणात आहे, असा प्रश्न असेल तर १६एसवरून अंदाजच बांधावा लागतो; शॉटगनमध्ये ती जनुकं प्रत्यक्ष शोधता येतात.

पैसे बेताचे असतील तर आधी सगळ्यांचं १६एस करा, उरलेला डीएनए उणे ८० अंशांवर जपा आणि निवडक नमुने शॉटगनला पाठवा. त्वचेवर काम असेल तर ती निवड जरा सढळ हातानं करा. कोऱ्या स्वॅबचा नमुना मात्र दोन्हीकडे हवाच, कारण डीएनए काढायच्या किटमधलेही जिवाणू मोजले जातात.