फिजीचं तिकीट दिसतं, पण काढलेलं नसतं

फिजीच्या सहलीत मोठी फसवणूक सहसा फिजीत होतच नाही. ती इथे, आपल्या फोनवर होते, निघायच्या चार-पाच महिने आधी आलेल्या एका पीडीएफमधून. पाच रात्री, निळंशार पाणी, 'आज बुकिंग केलं तरच हा भाव', आणि आगाऊ रक्कम कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. पैसे भरल्यापासून विमानात बसेपर्यंत जेवढे दिवस मधे जातात, तेवढे फसवणाऱ्याला पसार व्हायला मिळतात. म्हणून तपासणी पैसे भरल्याच्या आठवड्यातच करा, बॅगा भरताना नाही.

सगळ्यात जास्त लोक तिकिटात अडकतात. आगाऊ रक्कम दिली की दोन दिवसांत एक कागद येतो. त्यावर नाव बरोबर, विमानाचा नंबर बरोबर, सहा अक्षरांचा पीएनआर, वर हिरव्या अक्षरांत 'कन्फर्म्ड'. एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकला तर बुकिंग उघडतंसुद्धा, आणि घरचे निर्धास्त होतात. पण पीएनआर म्हणजे जागा नुसती धरून ठेवलेली असते. पैसे भरून तिकीट काढलं नाही, तर काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत ती आपोआप सुटते. कागदावर शोधायचा तो १३ आकडी ई-तिकीट क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे एअरलाइनचे असतात आणि तो प्रत्येक प्रवाशाचा वेगळा असतो. घरचे चौघं जात असाल तर निदान चार क्रमांक हवेत. ते थेट एअरलाइनला फोन करून पडताळा आणि महिन्याभराने पुन्हा एकदा बघा, कारण एजंटने काढलेलं तिकीट एजंटच रद्द करू शकतो आणि परतावा त्याच्याच खात्यात जातो.

दुसरी चोरी व्हिसाच्या नावाखाली. भारतीय पासपोर्टवर फिजीला आधी व्हिसा काढावा लागत नाही. नांदीच्या विमानतळावर (रोमन लिपीत 'नाडी' दिसतं, उच्चार नांदी) पर्यटकाला चार महिन्यांपर्यंत राहायची परवानगी मिळते, तीही मोफत. लागतं ते एवढंच: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरते पैसे. पॅकेजमध्ये माणशी 'फिजी व्हिसा फी' लावली असेल तर त्या माणसाशी पुढचा व्यवहार करू नका.

उलट, जिथे व्हिसा खरोखर लागतो तिथे हे लोक गप्प बसतात. स्वस्त तिकीट सिडनी किंवा ऑकलंडवरून जाणारं असतं. भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो (सबक्लास ७७१, फी नाही, पण अर्ज वेळेत करावा लागतो). न्यूझीलंडचंही तसंच, आधी व्हिसा काढावाच लागतो. तो नसेल तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवतात, आणि एजंट म्हणतो, 'कागदपत्रं तुमची अपुरी.' सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून नांदीला थेट विमान आहे, तो मार्ग सोपा. मात्र सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. मुंबई–सिंगापूर वेगळं आणि सिंगापूर–नांदी वेगळं असेल, तर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं आणि मग सिंगापूरचा व्हिसाही लागतो.

हॉटेलचं व्हाउचर तर कुणीही टाइप करतं. त्यावर रिसॉर्टने दिलेला बुकिंग क्रमांक आहे का बघा आणि रिसॉर्टला थेट फोन लावा, नंबर त्यांच्या अधिकृत साइटवरचा, व्हाउचरवरचा नको. देशाचा कोड ६७९. तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास, म्हणजे आपल्या सकाळी सात ते नऊच्या दरम्यान तिथली दुपार असते. इंग्रजीची भीती नको. १८७९ ते १९१६ दरम्यान भारतातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांचे (करारावरच्या मजुरांचे) वंशज तिथे मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे फोनवर हिंदी समजणारं कुणी मिळण्याची शक्यता बरीच असते. माझ्या नावाने खोली आहे का, पूर्ण पैसे आले की नुसतं डिपॉझिट, जेवण आणि बोट धरलेली आहे का, हे विचारा.

बोटीचं मुद्दाम सांगतो. फोटो मामानुथा-यासावा बेटांचे आणि खोली नांदी शहरात, हा प्रकार नेहमीचा. नांदीजवळच्या किनाऱ्यावरची वाळू करडी आहे, फोटोतली पांढरी नाही. यासावाची मोठी बोट नांदीजवळच्या डेनाराउ बंदरातून सकाळी सुटते. दुपारी उतरणाऱ्याला नांदीत एक रात्र काढावीच लागते, आणि ती रात्र पॅकेजमध्ये नसते. लहान बेटांवर रिसॉर्टबाहेर जेवायला काही नसतं, त्यामुळे 'जेवण तिथे बघू' म्हणजे तिथल्या दराने रोज पैसे मोजणं. भाव नुसता 'डॉलर'मध्ये लिहिला असेल तर कुठला ते लेखी घ्या: फिजी डॉलरची किंमत अमेरिकन डॉलरच्या निम्म्याहूनही कमी आहे.

पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. १५ अक्षरं असतात, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. सहावं अक्षर पी असेल तर ती व्यक्ती आहे, सी असेल तर कंपनी. 'प्रायव्हेट लिमिटेड'च्या लेटरहेडवर पी दिसला तर थांबा. टीसीएस (परदेशी पॅकेजवर विक्रेत्याने तुमच्याकडून घेऊन सरकारात भरायचा कर) घेतला असेल तर तो काही महिन्यांत आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसला पाहिजे.

पैसे गेलेच तर लाजेपायी गप्प बसू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. यूपीआयचा १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) हाताशी ठेवा, बँकेला कळवा, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'डिसअपिअरिंग मेसेजेस' (ठरावीक वेळाने मेसेज आपोआप पुसणारी सोय) चालू आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा. समोरच्याने ते चालू केलं असेल तर बंद करा आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.