मुलांची ख्रिस्ती श्रद्धा घरात कशी जोपासावी: रोजची उपासना, आठवड्याची बैठक आणि संडे स्कूल

बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, किंवा जिथे बालबाप्तिस्मा होत नाही तिथे बालसमर्पणाच्या वेळी, आईवडील मंडळीसमोर उभे राहून या लेकराला ख्रिस्ताच्या शिकवणुकीत वाढवण्याचे वचन देतात. मूल तीन-चार वर्षांचे झाले, बोलू लागले, गाणी म्हणू लागले की त्या वचनाचे रोजच्या व्यवहारात काय करायचे हा प्रश्न घरात येतो. मराठी ख्रिस्ती घरांमध्ये त्याची साधारणपणे तीन उत्तरे दिसतात. काही घरांत रोज संध्याकाळी सगळे मिळून थोडा वेळ उपासना करतात, काही घरांत आठवड्यातून एकदा निवांत बसतात, आणि बरीच घरे हे काम संडे स्कूलवर किंवा चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गावर सोपवतात. ज्यांची मुले तीन ते पंधरा वर्षांची आहेत आणि ज्यांच्या घरात अजून कोणतीच पद्धत बसलेली नाही, अशा आईवडिलांसाठी हा आढावा आहे. माझा कल रोजच्या छोट्या उपासनेकडे आहे हे सुरुवातीलाच सांगतो, मात्र ती प्रत्येक घराला मानवेलच असे नाही.

रोजची उपासना

प्रोटेस्टंट घरांत ही उपासना बहुधा जेवणानंतर होते: एक गीत, शास्त्रातला एक उतारा, एखाद्याची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना. वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, हीच रोजची कौटुंबिक उपासना असते. पाच रहस्यांची (येशूच्या आणि मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांची) पूर्ण रोझरी म्हणायला पंधरा ते वीस मिनिटे लागतात; लहान मुले असतील तर एकच रहस्य नीट म्हणणे अधिक बरे. दोन्हींचा पाया बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना देवाच्या आज्ञांविषयी मुलांशी बोलत राहावे, असे तिथे सांगितले आहे. या यादीत शाळेचा वर्ग नाही, दिवसभराचे घर आहे.

या पद्धतीची सर्वांत मोठी देणगी म्हणजे आईवडील देवाशी कसे बोलतात हे मूल रोज ऐकते. आजोबांचे डायलिसिस, वडिलांची बदली, शेजारच्या काकूंशी झालेली कुरबुर हे सारे प्रार्थनेत येते आणि विश्वास ही घराच्या खऱ्या काळजीशी जोडलेली गोष्ट आहे हे मुलाला न शिकवता कळते. दुपारी विनाकारण ओरडलेला बाप रात्री मुलांसमोर देवाची आणि मग मुलांचीही क्षमा मागतो, तेव्हा क्षमेविषयीचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही.

दोष मात्र खरे आहेत. रोजची गोष्ट कंटाळवाणी होऊ शकते, आणि मोठ्यांच्या लांबलचक प्रार्थनेत मुले पेंगू लागतात. त्याहून गंभीर दोष वेगळाच आहे, आणि तो फार घरांत आढळतो: प्रार्थनेचा उपयोग मुलाला बोलणी ऐकवण्यासाठी होतो. "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, याचे मोबाइलचे वेड कमी कर" असे डोळे मिटून म्हटले तरी मुलाला ते बरोबर समजते, आणि प्रार्थना म्हणजे उलट बोलता येणार नाही अशी कानउघाडणी, हा धडा ते शिकते. शिक्षा म्हणून वचने लिहायला लावण्याचेही तेच होते. लेकरे खिन्न होऊ नयेत म्हणून बापांनी त्यांना चिडवू नये, असे प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. उपासनेच्या वेळी तर ते दुपटीने पाळायला हवे.

दहा वर्षांखालील मुलांसाठी दहा मिनिटे पुरतात. गीताचे एकच कडवे, आठ-दहा वचने, एक प्रश्न आणि एक-दोन वाक्यांची प्रार्थना. यातला प्रश्न वगळू नये, आणि तो विचारण्याचा मान मुलाला द्यावा. एका घरी लूक 15 मधला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त वाचून झाल्यावर आठ वर्षांच्या मुलीने विचारले, "मग मोठ्या भावाला काय मिळाले?" वडील क्षणभर थांबले, त्यांनी उतारा पुन्हा काढला, आणि सगळ्यांनी मिळून पाहिले की बाप घराबाहेर येऊन मोठ्या मुलाचीही समजूत घालतो, पण तो मुलगा आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलेच नाही. त्या रात्री उत्तर मिळाले नाही. पण धाकट्या भावापुढे आपल्याला नेहमी दुय्यम वागणूक मिळते असे वाटणाऱ्या त्या मुलीला शास्त्रात आपली जागा सापडली. असा प्रश्न आला की सोपे उत्तर देऊन तो मिटवू नये, पुस्तक पुन्हा उघडावे.

आठवड्याची बैठक

चाकणच्या कारखान्यात पाळ्यांनी काम करणारे वडील किंवा रुग्णालयात रात्रपाळी असलेली परिचारिका आई असेल, तर रोज एका वेळी सगळे जमणे अशक्यच असते. अशा घराने रोजच्या उपासनेचा हट्ट धरून दर महिन्याला अपराधी वाटून घेण्यापेक्षा आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून ती पाळावी. पाऊण तास मिळाला तर एक अध्याय संपूर्ण वाचून त्यावर बोलता येते. मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे. आठवड्याला एक अध्याय धरला तर चार महिन्यांत येशूची संपूर्ण कथा सलग वाचून होते, आणि तुकड्यातुकड्यांनी गोष्टी ऐकलेल्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या मुलांना ती अशी सलग वाचताना काहीतरी नवे हाती लागते. किशोरवयीन मुलांसाठी मला ही पद्धत रोजच्या उपासनेइतकीच, काही घरांत तिच्याहूनही, योग्य वाटते.

लहान मुलांना मात्र पाऊण तास जड जातो. शिवाय एक बैठक चुकली की चौदा दिवसांची दरी पडते, आणि मे महिन्यातली लग्ने किंवा पाहुणे असले की सलग दोन-तीन बैठका सहज बुडतात. ही पद्धत घेणाऱ्यांनी निदान झोपण्यापूर्वी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून केलेली छोटी प्रार्थना तरी रोज ठेवावी. त्याला दोघांपैकी घरी असलेला एक जण पुरतो.

संडे स्कूल

संडे स्कूलची चळवळ इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये सुरू केलेल्या शाळेपासून फोफावली. आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना रविवारी अक्षरओळख व्हावी आणि शास्त्र वाचता यावे, हा तिचा हेतू होता. ज्यांच्या घरी शिकवणारे कोणी नव्हते त्यांच्यासाठी ती होती; शिकलेल्या आईवडिलांची जबाबदारी उचलण्यासाठी नव्हती. चर्चच्या परंपराही याबाबत एकमताने बोलतात. मार्टिन ल्यूथरने 1528 मध्ये सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी केली तेव्हा साध्या लोकांना मूलभूत शिकवणही ठाऊक नसल्याचे त्याला आढळले. पुढच्या वर्षी त्याने लहान प्रश्नोत्तरी लिहिली, आणि कुटुंबप्रमुखाने घरातल्यांना हे साध्या रीतीने कसे शिकवावे, अशीच तिची मांडणी ठेवली. स्कॉटलंडच्या चर्चने 1647 मध्ये कौटुंबिक उपासनेचे नियम घालून दिले आणि समज देऊनही ती टाळत राहणाऱ्या कुटुंबप्रमुखाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची तरतूद केली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये कुटुंबाला घरगुती चर्च म्हटले, आणि 1965 मध्ये आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले.

तरीही संडे स्कूलला दुय्यम मानणे चूक ठरेल, कारण ते जे देते ते घराला देता येत नाही. महाराष्ट्रात ख्रिस्ती मूल शाळेच्या वर्गात बहुतेक वेळा एकटेच असते, फार तर दोघे. आपल्या घरी जे गीत म्हणतात तेच इतरही घरांत म्हणतात, आपल्यासारखी आणखी पंचवीस मुले आहेत, हे त्याला संडे स्कूलमध्ये आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या व्हीबीएसमध्ये (व्हेकेशन बायबल स्कूलमध्ये) कळते. आईवडील सोडून आणखी एखाद्या मोठ्या माणसाचा विश्वास जवळून पाहायला मिळणे हेही तितकेच मोलाचे आहे.

तासांचा हिशेब केला तर रोजची उपासना आणि संडे स्कूल यांत फारसा फरक नाही. घरी आठवड्यातले पाच दिवस दहा मिनिटे धरली तर वर्षाचे सुमारे 43 तास होतात. संडे स्कूल तासभराचे आणि वर्षाला चाळीस रविवार धरले तर 40 तास होतात. तेव्हा वेळ कमी पडतो म्हणून संडे स्कूलवर सोपवतो, हे कारण टिकत नाही. रविवारी ऐकलेली गोष्ट सोमवारी घरात कोणीच काढली नाही, तर ती शाळेच्या एखाद्या विषयाप्रमाणे त्या वर्गातच राहते. मुलाला तिथे घालण्यापूर्वी शिक्षकांशी बोलावे: वर्षभरात कोणते धडे होणार आहेत, केवळ सुवर्णवचन पाठ करून बक्षीस मिळवण्यावर भर आहे की मुलांच्या प्रश्नांनाही वेळ दिला जातो, आणि वर्गात मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसे असतात का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर संकोच न करता पाळकांकडे किंवा धर्मगुरूंकडे तो विषय काढावा.

गोष्ट की प्रश्नोत्तरे

कोणतीही पद्धत निवडली तरी आत काय शिकवायचे हा निर्णय उरतोच, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. गोव्यात काम केलेले इंग्लिश जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या भूमीत हे दोन्ही मार्ग हाताळले. 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूर येथे छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत बायबलची कथा सांगते, तर त्यांच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये छापलेली त्यांची कोकणीतली ख्रिस्ती शिकवण गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांत आहे. कथा ऐकणाऱ्याला धरून ठेवते आणि प्रश्नोत्तरे तिला आकार देतात, म्हणून दोन्ही हवीत. मात्र त्यांचा क्रम वयाप्रमाणे ठरवावा. सात वर्षांपर्यंत केवळ गोष्टी आणि गीते. आठ ते अकरा हे पाठांतराचे वय. दहा आज्ञा, तेविसावे स्तोत्र, प्रेषितांचा विश्वासांगीकार या वयात जे पाठ होते ते जन्मभर राहते, आणि अर्थ नंतर उमगला तरी चालतो. बारानंतर 'का' हा प्रश्न सुरू होतो, तेव्हा पाठ झालेल्या वाक्यांवर बोलायला हवे.

गीतांच्या बाबतीत मराठी घरांचे भाग्य मोठे आहे. नारायण वामन टिळक यांची भजने अभंगांच्या वळणाची असल्याने लहान मुलांच्या तोंडी सहज बसतात. इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले शास्त्र इंग्रजीत वाचत असतील तर वाचू द्यावे, कारण ज्या भाषेत त्यांना प्रश्न पडतात त्या भाषेत वाचलेले बरे. गीते मात्र मराठीच ठेवावीत, म्हणजे आजी-आजोबांना त्यांच्याबरोबर गाता येते.

आईवडील दोन परंपरांतले असतील तर

आई कॅथलिक आणि वडील प्रोटेस्टंट, किंवा उलट, अशी घरे आता बरीच आहेत. अशा घरात संपूर्ण जबाबदारी एका बाजूच्या वर्गावर सोपवणे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण फरक मुलाला लगेच जाणवतो आणि त्याविषयी बोलायला घरात कोणी नसते. प्रभूची प्रार्थना म्हणताना कॅथलिक भावंडे "वाइटापासून आम्हाला सोडव" इथे थांबतात आणि प्रोटेस्टंट भावंडे राज्य, सामर्थ्य, गौरव म्हणत पुढे जातात. दहा आज्ञांचे क्रमांक एका वर्गात एक असतात आणि दुसऱ्या वर्गात वेगळे. प्रोटेस्टंट बायबलात 66 पुस्तके, कॅथलिक बायबलात 73. यांतले काहीही लपवू नये. स्तोत्रे, शुभवर्तमाने आणि प्रभूची प्रार्थना दोघांचीही आहेत; रोजची उपासना त्यांवर उभी करावी, आणि आजीची रोझरी असेल तर मुलांना तिच्याशेजारी बसू द्यावे.

दहावी आणि त्यानंतर

सर्वाधिक घरांत ही घडी दहावीच्या वर्षी विस्कटते. रविवारी सकाळी क्लासची जादा परीक्षा ठेवली जाते, संडे स्कूल सुटते, मग संध्याकाळची उपासनाही "या वर्षापुरती" थांबते, आणि वर्ष संपले तरी ती बहुधा पुन्हा सुरू होत नाही. देवापेक्षा गुण महत्त्वाचे आहेत, हे आईवडिलांनी तोंडाने कधीच म्हटलेले नसते, पण मुलाने ते ऐकलेले असते. या वर्षात वेळ कमी करावा, प्रथा थांबवू नये. दहाची पाच मिनिटे झाली तरी चालतील, आणि रविवारी चर्चमधली सकाळची उपासना चुकणारच असेल तर तिथल्या संध्याकाळच्या उपासनेला सर्वांनी जावे.

याच वयात एखादा मुलगा किंवा मुलगी स्पष्ट सांगते की आपला यावर विश्वास नाही. तेव्हा तिन्ही पद्धतींतला फरक ठळक होतो. संडे स्कूलमधून ते मूल निमूटपणे गळते आणि कित्येकदा आईवडिलांना कळतही नाही. आठवड्याच्या बैठकीत कडाक्याचा वाद होऊ शकतो, आणि तो झाला तर उत्तमच. रोजच्या उपासनेत त्याला सर्वांबरोबर बसायला सांगावे, पण मोठ्याने प्रार्थना करायला लावू नये, आणि त्याच्या अविश्वासाविषयी त्याच्यासमोर देवाकडे गाऱ्हाणे मांडू नये. त्या वर्षी दृढीकरणाचा वर्ग असेल तर नातेवाइकांनी काहीही म्हटले तरी त्याचे नाव घालू नये, कारण दृढीकरणात जो विश्वास मुलाने स्वतःचा म्हणून मंडळीसमोर मांडायचा असतो तो दुसऱ्याच्या आग्रहाने मांडता येत नाही. पाळकांना किंवा धर्मगुरूंना विश्वासात घेऊन कारण सांगावे. पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्याही वर्षी त्याला तो वर्ग करता येतो.