भट्टीत काय घातलं होतं, ते मी विचारलंच नाही

प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून डिझेल काढायचं मशीन घ्यायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल, तर अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी हे वाचा. माझे ३१ लाख गेले. त्यात १८ लाख बँकेचे, बाकीचे आईच्या नावावरची दीड एकर विकून आलेले. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. आणि नाव कळून उपयोगही नाही, कारण नावं बदलत राहतात.

मी जळगावचा. वीस वर्षं शेतीच्या पाइपांचं दुकान चालवलं. म्हणजे प्लॅस्टिक मला अगदीच अनोळखी होतं असं नाही, आणि तरी मी फसलो. लॉकडाउनमध्ये दुकान बसलं होतं, मेहुण्याची नोकरी गेली होती, दोघं मिळून काहीतरी उद्योग करायचा विचार चालला होता. तेवढ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ आला: एका बाजूने कचऱ्याच्या गासड्या आत, दुसऱ्या बाजूने नळातून सोनेरी तेल बाहेर. खाली नंबर. मेहुण्याने फोन लावला आणि चौथ्या दिवशी त्यांचा माणूस लॅपटॉप घेऊन आमच्या ओट्यावर.

तो बोलायला लागला ते थेट जर्मनीपासून. बर्गियस नावाच्या शास्त्रज्ञाने कोळशाचं तेल करून दाखवलं, त्याला १९३१ चं नोबेल मिळालं. फिशर आणि ट्रॉप्श या दोघांनी कोळशाचा आधी वायू आणि मग वायूचं तेल केलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची विमानं त्या तेलावर उडाली. दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनी १९५५ पासून कोळशाचं पेट्रोल काढते. शेवटी ऑगस्ट २०१९ चं कात्रण: डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत प्लॅस्टिकपासून डिझेल करायचा प्रकल्प सुरू, एका टनातून ८०० लिटर.

हे सगळं मी नंतर तपासलं. यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणूनच सांगतो, विज्ञान खरं आहे की खोटं यावर डोकं खपवू नका. तामिळनाडूच्या रामर पिल्लैने १९९६ मध्ये पाल्यापासून पेट्रोल करतो म्हणून देशभर गाजावाजा केला होता, पुढे २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. तसा भोंदू ओळखता येतो. आमच्याकडे आलेला माणूस भोंदू नव्हता. प्लॅस्टिकला हवा न लागू देता चारशे-साडेचारशे अंशांवर तापवलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात, वाफ होते, ती थंड केली की तेल मिळतं. हे होतंच. कशाचं होतं, एवढंच तो सांगत नव्हता.

मी विचारलं, "कोणतं प्लॅस्टिक लागतं?" तो म्हणाला, "सर, काहीही. नगरपालिकेचा मिक्स कचरा टाका. त्यात थोडी चंद्रपूरची कोळशाची भुकटी मिसळली तर तेल अजून वाढतं." माझा प्रश्न तिथेच संपला. पुढचे दोन तास मी फक्त लिटर, भाव आणि नफा विचारत बसलो.

त्याचा हिशोब असा: रोज ५०० किलो कचरा, ४ रुपये किलोने २ हजार. तेल ४५० लिटर, कंपनी स्वतः ४५ रुपयांनी विकत घेणार, म्हणजे २० हजारांच्या वर. लाकूड आणि मजुरी ४ हजार. रोजचे निव्वळ १४ हजार. आता डेहराडूनच्या हिशोबाने ५०० किलोचे ४०० लिटर होतात, तेही निवडलेल्या, स्वच्छ मालाचे. सरकारी प्रयोगशाळेपेक्षा याचं मशीन जास्त तेल देतं, हे ऐकून मला शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला.

जानेवारी २०२१ मध्ये आम्ही डेमो बघायला गेलो. राज्याबाहेर, एका औद्योगिक वसाहतीतली शेड. बाहेर घाणेरड्या कचऱ्याच्या गासड्या रचून ठेवलेल्या. भट्टी बंद होती. "रात्रीच चार्ज केली, सर, तुमचा वेळ वाचावा म्हणून." चार्ज करणं म्हणजे आत माल भरून दार बंद करणं. आमच्यासमोर लाकडं पेटवली, चहा आला, आणि चाळीस मिनिटांत नळातून तेल सुरू. स्वच्छ, पिवळसर, रॉकेलसारखा वास. त्याने ते पळीत घेऊन पेटवून दाखवलं आणि एक बाटली भरून दिली. मेहुणा गाडीत बसल्यावर म्हणाला, "दाजी, आता मागे फिरायचं नाही."

चाळीस मिनिटं. माझ्या स्वतःच्या भट्टीत पुढे पहिला थेंब पडायला पाच तास लागले. ५०० किलो प्लॅस्टिक आणि वर दोन-तीन टन लोखंड लाकडाच्या जाळावर चारशे अंशांपर्यंत न्यायचं म्हणजे चहा उकळणं नव्हे. त्या दिवशी नळातून आलेलं तेल भट्टीतून आलं होतं की आणखी कुठून, हे मला आजही माहीत नाही.

करार शंभराच्या बाँडपेपरवर झाला. मशीन २४ लाखांचं: ४० टक्के आगाऊ, ५० टक्के माल निघण्याआधी, १० टक्के मशीन चालू झाल्यावर. त्या शेवटच्या दहा टक्क्यांमुळे आम्हाला वाटलं, लगाम आपल्या हातात आहे. परवान्यांचं विचारलं तर म्हणाला, कंपनीकडे ऑल इंडिया कन्सेंट आहे, आणि हे पेट्रोलियम नाही, वेस्ट ऑइल आहे, परवाना लागत नाही. दोन्ही थापा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती जागेनुसार, युनिटनुसार मिळते, आधी उभारणीची आणि मग चालवण्याची. आणि प्लॅस्टिकमधून निघणाऱ्या कच्च्या तेलात पेट्रोलसारखा हलका भाग मिसळलेलाच असतो, त्यामुळे साध्या उन्हाळ्याच्या तापमानालाही ठिणगी पडली की ते पेट घेऊ शकतं. अशा तेलाची साठवण पेट्रोलियम कायद्यात येते आणि त्याचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. एक एसटीचं तिकीट काढून विचारून आलो असतो तर? पण तेव्हा घाई होती.

जुलैत मशीन आलं. त्यांच्या दोन फिटरांनी भट्टी बसवली, रिकामी फिरवून दाखवली, थोडं लाकूड जाळून पंखा सुरू केला, आणि एक इंग्रजी कागद पुढे केला. "ट्रायलची सही, सर. नाहीतर आमचा टीए-डीए अडकतो." मी सही केली. त्यात लिहिलं होतं की मशीन पूर्ण क्षमतेने, समाधानकारक चालू झालं आहे. शेवटचे २ लाख ४० हजारही त्याच संध्याकाळी गेले. वकील म्हणतात, सगळ्या प्रकरणात तो कागद सर्वांत महाग पडला.

मग आम्ही भट्टी चालवायला लागलो.

बाजारातून आणलेल्या ५०० किलोत पाणी आणि माती धरून शंभर-सव्वाशे किलो नुसताच भुर्दंड. ते पाणी आधी उकळून उडवायचं, म्हणजे लाकूड तिकडेच जातं. राहिलेल्या मालातून १४० लिटर तेल. तेही पहिल्या महिन्यात, नंतर कमीच. उघडताना आणखी एक गोष्ट कळली, जी कोणी सांगितली नव्हती: आतली काजळी गरम असताना दार उघडलं की हवा लागून ती पेटते. म्हणून रात्रभर थंड होऊ द्यायची. रोजची एक बॅच कागदावरच राहिली, आठवड्याला चार झाल्या तरी पुष्कळ.

तिसऱ्या आठवड्यात पाइप चोंदला. खोलून बघतो तर आत पांढरट-पिवळी भुकटी थिजून बसलेली. ती पाण्याच्या बाटल्यांची, म्हणजे पेटची करामत. पेटमध्ये ऑक्सिजन असतो, तापवल्यावर त्याचं तेल होत नाही, आम्लांचे खडे होतात आणि थंड पाइपात जमतात. पाइप चोंदला की मागे भट्टीत दाब वाढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणून आम्ही वाचलो. त्या शेडमध्ये तेव्हा तीन मजूर होते. पैसे बुडाल्याची आठवण एवढी येत नाही, त्या शिट्टीची येते.

आणि मग पीव्हीसी. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो, जवळजवळ ५७ टक्के. तापलं की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन महिन्यांत कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या भागाला, भोकं. करारात कंडेन्सर ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलचा लिहिला होता. मी मुलीच्या कंपासपेटीतलं लोहचुंबक लावलं, टपकन चिकटलं. साधं लोखंड, वर चंदेरी रंग. तसं या आम्लापुढे ३०४ सुद्धा टिकलं नसतंच. ज्या पीव्हीसीच्या पाइपांवर मी वीस वर्षं पोट भरलं, त्यानेच माझं मशीन खाल्लं.

कंपनीला फोन केला की एकच उत्तर: "कॅटॅलिस्ट कमी पडतोय." कॅटॅलिस्ट म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, त्यांचा म्हणजे एक पांढरी भुकटी, ४५० रुपये किलो, फक्त त्यांच्याकडेच मिळणारी. एकदा सहज तिच्यावर लिंबू पिळलं. फसफसली. चुनखडी! आम्ल शोषायला चुना थोडाफार कामाला येतो हे खरं, पण तेल वाढवणारा कॅटॅलिस्ट तो नव्हे, आणि पोतंभर चुनखडीला त्या भावाने किती पडतात ते तुम्हीच काढा. कोळशाची भुकटीही टाकून पाहिली. तेल वाढलं नाही, राख वाढली. नंतर रसायनशास्त्राच्या एका सरांनी पाच मिनिटांत समजावलं: डिझेलमध्ये कार्बनच्या एका अणूमागे साधारण दोन हायड्रोजन असतात, पिशवीच्या प्लॅस्टिकमध्येही दोनच, म्हणून त्याचं तेल होतं. कोळशात एकही धड नसतो. बर्गियसला म्हणूनच प्रचंड दाबाखाली बाहेरून हायड्रोजन कोंबावा लागला होता. सासोलचे कारखाने गावाएवढे आहेत, ते उगीच नाही. माझ्या शेडमध्ये एक पंखा आणि एक लाकडाची चूल होती.

खरा धडा मिळाला तो चटईच्या कारखान्यात. जळगावच्या प्लॅस्टिक चटया सगळ्यांना माहीत आहेत, त्या बऱ्याचशा जुन्या प्लॅस्टिकच्या दाण्यापासून होतात. म्हटलं, चांगलं निवडलेलं एलडी-पीपी, म्हणजे पिशव्या-डब्यांचं प्लॅस्टिक, मिळालं तर निदान तेल तरी नीट येईल. भाव विचारला तर किलोला पस्तीस. मालक हसला, "भाऊ, चांगला माल तू जाळणार, मग आम्ही काय चटया गवताच्या विणायच्या?" म्हणजे ज्याचं तेल होतं ते प्लॅस्टिक, प्लॅस्टिक म्हणूनच महाग जातं. चार रुपयांनी मिळतं ते कोणालाच नको असलेलं, आणि त्याचं तेल होत नाही. सगळा धंदा या एका वाक्यात होता. आमच्या घरापासून त्या कारखान्यापर्यंत रिक्षाचे साठ रुपये होतात.

तेल विकायचं म्हटलं तर बायबॅकच्या, म्हणजे कंपनीने तेल परत विकत घेण्याच्या, कलमात बारीक अक्षरात होतं: आयएस १४६० प्रमाणे गुणवत्ता असल्यास. हे गाडीच्या डिझेलचं मानक. त्यात गंधक किलोला १० मिलिग्रॅमच्या आत हवं, शिवाय ते इंजिनात किती चटकन पेटतं (सीटेन), किती तापल्यावर ठिणगीने पेट घेतं (फ्लॅश पॉइंट) असं बरंच काही. रिफायनरीला यासाठी कोट्यवधींची यंत्रणा लागते. आमचे तीनही नमुने नापास. डिसेंबरच्या थंडीत तर ड्रममधलं तेल वनस्पती तुपासारखं थिजलं. शेवटी एका भट्टीवाल्याने २८ रुपयांनी घेतलं. १४० लिटरचे ३९२० रुपये. कचरा २ हजार, लाकूड २१००, मजुरी दीड हजार. भट्टी पेटवली की रोज सोळा-सतराशेचा तोटा. मार्च २०२२ मध्ये बंद केली.

पोलिसांकडे ४२० ची तक्रार घेऊन गेलो तर सांगितलं, मशीन दिलंय ना, मग हा दिवाणी वाद आहे. कंपनीने तो सहीचा कागद दाखवला. ग्राहक आयोगात त्यांचा बचाव असा की खरेदी व्यापारी हेतूने आहे, तुम्ही ग्राहकच नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून केलेल्या खरेदीला सूट आहे, त्यावर आमची बाजू उभी आहे. कोणी अशा फेऱ्यात असेल तर हे कलम वकिलाला आवर्जून दाखवा, आणि उद्यम नोंदणी, कर्जाचा अर्ज, सगळीकडे स्वयंरोजगार असंच लिहिलेलं असू द्या. तारखा चालू आहेत. मेहुणा आता एका कुरिअर कंपनीत आहे, आमचं बोलणं आहे, पण या विषयावर नाही.

तरीही कोणाला मशीन घ्यायचंच असेल तर आपला स्वतःचा कचरा डेमोला घेऊन जा. घरी बादलीभर पाण्यात टाकून पाहा: पिशव्या, डबे तरंगतात, पाण्याची बाटली, पाइप यांचे तुकडे बुडतात. गॅसवर तांब्याची तार लाल करून संशयित तुकड्याला लावा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. वास घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. आणि तेलाची बाटली घरी आणून दोन महिने नुसती ठेवा. माझ्या कपाटात दोन आहेत. डेमोची बाटली अजून तशीच पिवळीधमक आहे. माझ्या भट्टीची पंधरवड्यात तपकिरी झाली, दोन महिन्यांत काळी, आणि तळाला डिंकासारखा गाळ. प्लॅस्टिकचं कच्चं तेल असंच वागतं, हवा लागली की काळवंडतं. डेमोचं का वागलं नाही, याचा अर्थ ज्याचा त्याने काढावा.

गेल्या महिन्यात धुळ्याहून एका मुलाचा फोन आला. कोणाकडून तरी माझा नंबर मिळाला होता. कंपनी वेगळी, शहर वेगळं, पण लॅपटॉपवर तीच जर्मनी. तो डेमोला निघाला होता. मी म्हटलं, बाकी काही बोलू नकोस, तुझ्यासमोर दार उघडून तुझा माल भरायला लाव, आणि पहिला थेंब किती वाजता पडतो ते घड्याळात बघ. दुपारी बाराला त्याचा पुन्हा फोन आला. आवाज हळू होता, बहुतेक शेडच्या मागे जाऊन बोलत होता.

"काका, ते म्हणतात, भट्टी रात्रीच चार्ज केली आहे."