हनोई ते सायगाव: शेवटच्या तीस किलोमीटरला लागलेला चुना

व्हिएतनाममध्ये हनोई ते सायगाव (म्हणजे हो चि मिन्ह सिटी) बाइकने जायचा बेत आखणारे हल्ली आपल्याकडे बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. अंतर साधारण 1,700 किलोमीटर. मी आणि माझा मित्र, दोन भाड्याच्या 110 सीसी गाड्या, खर्च माणशी रोज दीड हजार रुपयांच्या आत. सोळा दिवस तो राहिलाही आत. वाटेतल्या हाय व्हान डोंगराच्या बोगद्यात दुचाकी सोडत नाहीत, त्यामुळे घाट आपसूक पदरात पडला, आणि त्यासारखा रस्ता दुसरा नाही. खोलीसाठी पन्नास-साठ रुपयांवरून हुज्जत घालणारे आम्ही, स्वतःला फार हुशार समजत होतो.

बिएन होआ शहर मागे पडलं. सायगाव तीसेक किलोमीटरवर. माझ्या मागच्या चाकातली हवा एकदम गेली. शंभर पावलांवर जुना टायर लटकवलेला, त्यावर पांढऱ्या रंगात 'बोम वा', म्हणजे हवा आणि पंक्चर. नशीबच म्हणायचं, असं मित्र म्हणालाही.

दुकानदाराने आधी बर्फ घातलेला चहा दिला. मग चाक काढून दुकानामागे घेऊन गेला. इथेच मी त्याच्या मागे जायला हवं होतं, पण सावली होती, चहा गार होता, बसून राहिलो. परत आला तेव्हा ट्यूबला एका रांगेत पाच भोकं आणि टायरची कड फाटलेली. टायरमध्ये मात्र एकच चीज रुतलेली होती: पत्र्याचा कापलेला तिरका तुकडा, कसाही पडला तरी एक टोक वरच राहील असा. त्याने मोबाइलवर आकडा दाखवला, 4,80,000 डोंग (तिकडचं चलन). नवी ट्यूब, नवा टायर. आम्ही कुरकुरत मान डोलावली.

मी पाच लाखांची नोट दिली. तो सुट्टे आणायला वळला आणि दोन सेकंदांत फिरून माझ्यासमोर वीस हजारांची नोट फडकवायला लागला, की तू हीच दिलीस! दोन्ही नोटा निळ्या, दोन्हींवर त्यांचे नेते हो चि मिन्ह. दिवसभर ऊन खाल्लेलं डोकं, पुढे शून्यांची रांग. मलाच वाटलं, चुकलं असेल आपलं. ओशाळून दुसरी पाच लाखांची दिली आणि ती विसाची परत घेतली. त्याच्याच हिशेबाने वर आणखी वीस हजार सुट्टे यायला हवे होते, हे मला रात्री अंथरुणावर सुचलं.

गेले सव्वातीन हजार रुपये. सायगावात हॉटेलखालच्या गॅरेजवाल्याने तो पत्र्याचा तुकडा बघितला आणि नुसता हसला. रस्त्यावर असं टाकणाऱ्यांना तिकडे 'दिन्ह ताक' म्हणतात, खिळेवाले दरोडेखोर. सायगावच्या आसपास लोक स्वतःहून लोहचुंबक घेऊन रस्त्यावरचे खिळे गोळा करतात, इतका हा धंदा जुना. साध्या पंक्चरचे आपण तीस हजार डोंग घेतो, असं गॅरेजवाला म्हणाला.

पोलिसांत का नाही गेलात, असं सगळे विचारतात. खरं सांगतो, तोंड नव्हतं. आपल्या आरटीओचं गाडी चालवायचं आंतरराष्ट्रीय परमिट रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारातलं, व्हिएतनाम मानतं 1968 च्या करारातलं. म्हणजे 110 सीसी गाडी आम्ही बिनलायसन्सचीच चालवत होतो आणि प्रवास विमाही त्यासाठी कुचकामी होता. भाड्याने देणारा 'नो प्रॉब्लेम' म्हणाला आणि आम्हाला तेच ऐकायचं होतं. पन्नास सीसीच्या आतली गाडी घेतली असती तर लायसन्स लागलंच नसतं. वेळ जास्त लागला असता, एवढंच.

जाणार असाल तर एक ट्यूब सोबत ठेवा. पंक्चर झाल्यावर अगदी समोरच दुकान दिसलं, तर गाडी ढकलत पुढचं गाठा, आणि चाक नजरेआड होऊ देऊ नका. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. देताना दुकानदाराच्या डोळ्यांसमोर धरून आकडा मोठ्याने बोला, जमल्यास मोबाइलवर फोटो काढा. ती नोट लांबीला जास्त असते आणि तिच्या मागे झाडांमधलं घर असतं. विसाच्या मागे होइ आन गावातला जपानी पूल. त्या पुलासमोर आम्ही दहा दिवसांपूर्वी अर्धा तास फोटो काढत उभे होतो.

ती परत मिळालेली विसाची नोट दुसऱ्या दिवशी फुटपाथवरच्या कॉफीवालीला दिली. बर्फाची एक कॉफी आली, दोघांनी अर्धी अर्धी प्यायलो.