घरच्या मिडी कंट्रोलरच्या पॅनलवर काय लावायचं: कागद, व्हिनाइल, पॉलिकार्बोनेट की थेट पीसीबी?

वायरिंग झालं, प्रो मायक्रो (आतला छोटा कंट्रोलर बोर्ड) लॅपटॉपला मिडी, म्हणजे संगीताचे सिग्नल पाठवणारं यंत्र, म्हणून दिसायला लागला, आणि डब्यावर १६ बटणं न् ४ नॉब उघडेबोडके बसलेत, कोणतं काय करतं ते फक्त तुम्हालाच माहिती. इथवर आलेल्यांसाठी हे लिहितोय. मी जळगावचा, हळदीला आणि श्रावणात कानबाईच्या उत्सवाला वाजवतो, त्यामुळे माझं मत ऊन आणि घाम बघून बनलेलंय. घरात पंख्याखाली बसून बीट बनवणाऱ्यांनी त्यातलं अर्धं सोडून द्या.

कागदाची प्रिंट सगळ्यात स्वस्त. लेझरवरच काढा, साध्या इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते. वरून लॅमिनेशन, खालून दुहेरी टेप, झालं. पण प्रिंट काढताना स्केल १०० टक्के ठेवा. माझ्या पहिल्या प्रिंटला झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर 'फिट टू पेज' चालू राहिलं होतं, २०० मिमीचं पॅनल १९४ चं होऊन आलं, पहिलं भोक बरोबर आणि शेवटच्या भोकापर्यंत अख्खं नाव बटणाखाली. आता मी डिझाइनमध्येच १०० मिमीची एक रेघ टाकतो आणि दुकानातच पट्टीने मोजतो. बाकी मे महिन्यात मांडवात ऊन लागलं की लॅमिनेशनचे कोपरे उठतात ते उठतातच.

व्हिनाइल म्हणजे आपला फ्लेक्सवाला. मॅट लॅमिनेशन सांगा, ग्लॉसीवर स्टेजचा लाइट पडला की काही वाचता येत नाही. तुकडा छोटा असला तरी बरेच जण चौरस फुटाचा हिशोब लावतात, म्हणून एकाच शीटवर दोन-तीन लेआउट बसवून घ्या. त्याच्याकडेच बोर्डातून उरलेला ३ मिमी एसीपीचा (दोन अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या बोर्डाचा) तुकडा मिळतो, भोकं सहज पडतात, सनबोर्डासारखा दाबला जात नाही. आधी भोकं पाडा, मग व्हिनाइल चिकटवा, मग ब्लेडने भोकाच्या कडेकडेने कापा. पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या पार्टच्या, नटाखाली वॉशर मात्र पाहिजेच, नाहीतर नट आवळताना व्हिनाइल त्याच्यासोबत फिरतं आणि नॉबभोवती सुरकुत्यांचं फूल उमलतं. आणि एक, व्हिनाइल कधी लेझर कटिंगला देऊ नका, त्यात पीव्हीसी असतं, जळताना क्लोरीनवाला विषारी वायू सुटतो, माणसालाही वाईट आणि मशीनलाही.

नावं मराठीत टाकणार असाल तर फाइल देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि फॉन्ट लागत नाही, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ. मी एकदा तसंच पाठवलं, त्यांच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये 'रिव्हर्ब'ची वेलांटी 'र'च्या पलीकडे गेली आणि 'व्ह'चे पाय मोडून हलंत लटकत राहिला. ढोलकीवाला मित्र बघून म्हणे, "हाई काय छापी लई उना रे भो?"

पॉलिकार्बोनेट म्हणजे वॉशिंग मशीनच्या बटणांवर असते तसली फिल्म. प्रिंट उलटी, मागच्या बाजूने असते, त्यामुळे बोटं थेट रंगावर पडतच नाहीत, कितीही वाजवा, अक्षरं जात नाहीत. मागे थ्रीएमचा ४६८ एमपी गम घ्या, जाडी साधारण ०.१३ मिमी, थोड्या खडबडीत पत्र्यालाही धरतो. दिसायला एकदम कंपनीचं. अडचण एवढीच की हे काम करणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले एका नगासाठी हात घालत नाहीत, नग वाढले की परवडतं. एकच करायचा असेल तर ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) लेझरने आरशासारखी उलटी प्रिंट काढा आणि मागे पांढरा कागद लावा, गरिबाचं पॉलिकार्बोनेट. हे मी घरातल्या कंट्रोलरवर वापरतो.

पीसीबी, म्हणजे सर्किट छापायचा कडक बोर्ड, मला सगळ्यात आवडतो, पण त्याला धीर लागतो. १.६ मिमी एफआर-४ (फायबर ग्लासचा बोर्ड), काळा मास्क (वरचा रंगाचा थर), पांढरी अक्षरं, पॉटची ७ मिमीची आणि आर्केड बटणाची २४ मिमीची भोकं मशीननेच कापून येतात, ड्रिल घेऊन बसायचं कामच नाही. साध्या ऑर्डरमध्ये रंग मात्र एक मास्कचा न् एक अक्षरांचा, ग्रेडियंट-फोटो विसरा. देवनागरी असेल तर जाड फॉन्टच घ्या, ०.१५ मिमीपेक्षा बारीक रेघ छापताना गळते, मग 'की'ची 'क' होते. पॅनल लांब असेल तर मध्ये एक स्टँडऑफ (खालून आधाराचा छोटा खांब) द्या, नाहीतर जोरात बटण मारलं की लवतो. मागवायचे म्हणजे बहुतेक ठिकाणी किमान पाच नग, कुरिअर आणि थोडी वाट.

माझं ऐकाल तर लेआउट अजून बदलतोय तोवर कागदच. बाहेर वाजवायला जाता आणि एकच पीस पाहिजे, तर एसीपीवर मॅट व्हिनाइल, वर्षभराने खराब झालं तर हेअर ड्रायरने गरम करून काढा आणि नवीन लावा. दोन-तीन महिने एकही बटण इकडचं तिकडे केलं नाही, तर पीसीबीची ऑर्डर टाका. मी घाई केली होती. तिसरा नॉब चुकीच्या जागी असलेले चार पॅनल अजून घरात पडलेत, एकावर आई चहाचा कप ठेवते.